सासुरवाडीला नेटवर्क नाही

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. बाजारात छत्री उघडली, टेबल मांडलं, त्यावर 'अनलिमिटेड'चा बोर्ड टेकवला, की किस्से आपोआप चालत येतात. जाताना कधी सिम घेऊन जातात, कधी आपली इज्जत! मी मोबाइल कंपनीची सिम विकतो. सालेकसा, दरेकसा हा माझा एरिया. कंपनीचं नाव विचारू नका. छत्री हिरवी आहे म्हणतो, पण रंगसुद्धा बदलून सांगतोय. नोकरी अजून शाबूत आहे बाप्पा!

माझ्या शेजारी पोमेशची नारंगी छत्री, त्याच्या पलीकडे शीलाची जांभळी. तीन कंपन्या, तिघं एकमेकांचे दुश्मन. दिवसभर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचं आणि दुपारी एकाच पुडीतला चिवडा खायचा, असं आमचं चाललेलं असतं. शीलाची जीभ धारदार. "तुझ्या कंपनीचं नेटवर्क न् जवायाचा राग सारखाच," ती मला म्हणते. "केव्हा येईल, केव्हा जाईल, सांगता येत नाही!"

हे किस्से दुसऱ्याचे असते, तर मी पोट धरून हसलो असतो. माझे आहेत म्हणून हसता हसता कान गरम होतात. लग्न झाल्यापासून मी सासुरवाडीला जायचं टाळत होतो, तेही या सिमपायीच. पण तिथवर हळूहळू जाऊ. एकदम सांगायची हिंमत नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात तिन्ही कंपन्यांना एकदमच अक्कल सुचली. नव्या सिमवर भेटवस्तू द्यायची! पोमेशच्या कंपनीनं टोप्या दिल्या, शीलाच्या कंपनीनं पाण्याच्या बाटल्या. आमच्या कंपनीनं रेनकोट काढले, हिरवेगार, पाठीवर मोठ्ठं 'अनलिमिटेड'. माझ्या टेबलासमोर रांग लागली. पोमेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रोवणीच्या दिवसांत नागपूरहून आमचे मॅनेजर साहेब आले. रस्त्याच्या कडेच्या बांधीत दहा-पंधरा बाया वाकून धान रोवत होत्या, सगळ्यांच्या पाठीवर हिरवं 'अनलिमिटेड'. साहेबांनी गाडी थांबवली, फोटो काढले. "याला म्हणतात मार्केट शेअर!" मी मान खाली घालून लाजलो. तेव्हा ते कौतुकाचं लाजणं होतं.

साहेब बांधावर गेले. "काय ताई, आपलं नेटवर्क कसं आहे?"

ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रेनकोट मस्त आहे साहेब. सिम डब्यात ठेवली. फोनमंधी शीलाबाईची आहे."

"सगळ्यांच्याच?"

"सगळ्याइच्याच! तुमच्या कंपनीतून काहीच शिरत नाई. ना पानी, ना आवाज!"

साहेब गाडीत बसले. फोटो मात्र त्यांनी ग्रुपवर टाकलाच, वर लिहिलं, 'ग्राहक समाधानी'.

*

जुना नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, याला आमच्यात 'पोर्ट' म्हणतात. महिनाअखेरीला पोर्टचं टार्गेट पुरं व्हायला हवं, नाहीतर साहेबांचा आवाज ऐकावा लागतो. बाजारात माणूस मिळेना, की आम्ही घरच्या माणसांकडे वळतो. पोमेशनं माझ्या बाबांचा नंबर त्याच्या कंपनीत घेतला, मी त्याच्या बाबांचा माझ्या कंपनीत. चहावर ठरलं, चहा संपायच्या आत झालं. म्हाताऱ्यांना कोण विचारतो!

दोघा म्हाताऱ्यांची गाठ पडली ती बाजाराजवळच्या एका सलूनमध्ये. बोलता बोलता दोघांनी फोन काढले. पोमेशच्या बाबांनी चष्मा वर केला. "काऊन जी, तुमच्या पोराची कंपनी माया फोनात कशी?"

"न् तुमच्या पोराची माया फोनात!"

अर्धी दाढी तशीच ठेवून दोघं तडक बाजारात आले. एकाच्या गालावर फेस, दुसऱ्याच्या गळ्यात टॉवेल. आमच्या छत्र्यांसमोर उभे राहिले. माझे बाबा तसे कमी बोलणारे, पण त्या दिवशी सगळा बाजार ऐकत होता.

"त्यानं मले घेतला, तुनं त्याच्या बापाले घेतला. आम्ही काय बाजारातले बैल आहो? निदान दात तरी पायले असते बे!"

शीलानं तोंडाला पदर लावला. मी आणि पोमेश टेबलाखाली पडलेली सिम शोधायला लागलो. पडलेली नव्हती.

*

एकदा साहेबांनी ठरवलं, दरेकशाहून थेट हेड ऑफिसच्या मीटिंगला बसायचं. "जंगलातून व्हिडिओवर बोललो की त्यांना आपलं कव्हरेज दिसेल," म्हणाले. दरेकसा स्टेशनाबाहेर झाडाखाली खुर्ची मांडली, मागे आमचा हिरवा बॅनर. साहेबांनी केस विंचरले. मीटिंग सुरू व्हायला आली आणि आमच्या कंपनीच्या दोन काड्या होत्या त्याही गेल्या.

साहेब घामाघूम. मी फोन उंच धरला, बाकावर चढलो, टॉवरच्या दिशेला तोंड केलं. टॉवर कुठल्या दिशेला आहे हेच मुळात मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी तेच केलं जे आम्ही सगळे गुपचूप करतो. शीलाकडे गेलो. ती पलीकडे तिची जांभळी छत्री लावून बसली होती.

"हॉटस्पॉट दे ना बाई."

"साहेबाच्या नोकरीसाठी?"

"माझ्या."

तिनं दिला. साहेबांचा चेहरा पडद्यावर झळकला, आवाज खणखणीत. "सर, मी या क्षणी दरेकशाच्या घनदाट जंगलातून आपल्याच नेटवर्कवर बोलतोय!"

तिकडे टाळ्या वाजल्या. साहेब फुलले. बोलतच राहिले, कव्हरेज, विस्तार, पुढचं वर्ष. तेवढ्यात मागून शीलाचा आवाज आला, आणि तिचा आवाज म्हणजे बाजाराचा आवाज.

"साहेब, आवरा लवकर! माया आजचा डेटा संपून राहिला!"

टाळ्या थांबल्या. साहेबांनी व्हिडिओ बंद केला. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "त्या बाईला आपल्याकडे घेता येईल का बघ." शीलाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी येईन रे, पण माझं नेटवर्क कसं आणू?"

*

आता सासुरवाडीवर येतो. आलोच आहे तर सांगून टाकतो.

माझी बायको वंदना केशोरीच्या पलीकडच्या गावची. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं गाव, गावाला जुना तलाव, तलावाला उंच मातीची पाळ. ती पाळ वंदनाच्या पणजोबाच्या आधीच्या पिढ्यांनी बांधलेली, हे सासरेबुवा पहिल्याच भेटीत सांगतात. साखरपुड्याचा मंडप त्याच पाळीच्या पायथ्याशी टाकला होता. मी पाळीवर फोटो काढायला चढलो, सहज फोन बघितला, तर आमच्या कंपनीचं नेटवर्क फुल! महिनाअखेर होती. आणि समोर सगळं गाव आयतं जमलेलं!

लाज सोडली मी. साखरपुड्यात माझ्या बोटात अंगठी पडली आणि लगेच मी पिशवीतून अंगठा लावायची मशीन काढून पाळीवर मांडली. भटजी नारळ शोधत होते आणि मी आधार कार्ड मागत होतो. "होणारा जवाई म्हनते म्हंजे चांगलंच असन," असं म्हणून गावानं भराभर अंगठे लावले. सासरे, चुलत सासरे, पोलीस पाटील, वाजंत्रीवाले. सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या. हाताला हळद लागली होती, मशीन घेईना. त्यांनी पदरानं बोट पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं.

"लागला का जवाईबापू?"

"लागला मामीजी! आता लेकीशी कितीही बोला. अनलिमिटेड!"

त्या महिन्याचं माझं टार्गेट दुप्पट पुरं झालं. साहेबांनी ग्रुपवर माझा फोटो टाकला, गळ्यात हार घातलेला. हार साखरपुड्याचा होता.

*

नेटवर्क फक्त पाळीवर होतं.

हे मला लग्नानंतर कळलं. गावात, घरात, अंगणात, शेतात काहीच नाही. पाळीच्या माथ्यावर मात्र कुठल्या लांबच्या टॉवरची हवा लागायची. आणि एकदा पोर्ट केलेला नंबर तीन महिने दुसरीकडे नेता येत नाही, हा नियम तर मीच लोकांना पाठ म्हणून दाखवतो!

झालं. सगळं गाव पाळीवर! कोणाला बँकेचा ओटीपी पाहिजे, पाळीवर. कोणाचा मुलगा पुण्याहून फोन करणार, पाळीवर. पोलीस पाटलांनी तिथे खुर्चीच नेऊन ठेवली. सासऱ्यांनी वंदनाकडून निरोप धाडला, "जवायाले सांग, आमच्या पुरखाइनं पाळ पान्यासाठी बांधली होती. आता तुमच्या कंपनीच्या कामात येऊन राहिली. भाडं नाई मागत."

आणि रोज दिवस मावळायच्या वेळी सासूबाईंचा फोन यायचा. गुडघ्यांनी अधू बाई, घरातली पायरी उतरताना भिंत धरतात. त्या पाळ चढायच्या आणि लेकीशी बोलायच्या. सुरुवातीला नुसती धाप ऐकू यायची. वंदना फोन कानाला लावून गप्प बसायची, आईचा श्वास खाली बसेपर्यंत. मी भाजी आणायचं निमित्त काढून घराबाहेर पडायचो. वंदना मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं हो!

तीन महिने संपले त्याच आठवड्यात शीलानं त्या गावात छत्री लावली. तिच्या कंपनीचं नेटवर्क तिथे घराघरात येतं. सगळं गाव एका दिवसात जांभळं झालं. आल्यावर तिनं मला पेढा दिला. "तुझ्या सासुरवाडीचा आहे, गोड मानून घे." मी खाल्ला. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. माझ्या ॲपवर त्या गावाच्या नावापुढे फक्त एक गिऱ्हाईक उरलं होतं. कोणा म्हाताऱ्याची बंद पडलेली सिम असेल, म्हणून मी सोडून दिलं. सासूबाईंचा फोन तरीही दिवस मावळतानाच यायचा. मला वाटलं, सवय झाली असेल.

*

आखाडीच्या सणाला मी कामाचं निमित्त सांगितलं होतं, पोळ्याला तापाचं. दिवाळीला निमित्त उरलं नाही. वंदना म्हणाली, "मी एकटी गेली तर लोक काय म्हनतीन?" गेलो. पूर्ण रस्ताभर गाडी हळू चालवली.

गावात शिरलो तर सगळे हसून बोलले, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. दुपारी पंगत बसली. सासरे, चुलत सासरे, पोलीस पाटील, ज्यांचे ज्यांचे अंगठे घेतले होते ते सगळे माझ्या डाव्या-उजव्या हाताला. सासरेबुवा भाताचं गंज घेऊन स्वतः उभे राहिले. "आज जवायाले मीच वाढतो."

नव्या धानाचा भात, वास घरभर. पहिल्या वाढीला डोंगर, वर तुपाची धार. दुसऱ्या वाढीला तसाच डोंगर. मी ढेकर दाबून जेवलो. जावई पोटभर जेवला की सासऱ्याचा राग जातो म्हणतात, म्हणून मीच मोठ्या तोंडानं म्हणालो, "मामाजी, भात!"

सासरेबुवा वाकले. दोन बोटांनी गंजातून एक शीत उचललं आणि माझ्या पानावर ठेवलं.

मी बघत राहिलो. ते थांबले. मग दुसरं शीत ठेवलं.

"मामाजी, भात..."

"येऊन राहिला ना! बंद कुठी झाला? दोन वाढीनंतर स्पीड कमी होते जवाईबापू. अनलिमिटेडच आहे, जेवा. बारा वाजले रातचे, का पुन्हा फुल वाढतो!"

पंगत कोसळली. पोलीस पाटलांना ठसका लागला. दारामागून वंदनासुद्धा हसली, मी ऐकलं. मी ती दोन शितं वरणात कालवली आणि खाल्ली. दुसरं करणार काय?

तेवढ्यात सासूबाई भिंत धरत आल्या. नवऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि माझ्या पानात गच्च भात वाढला.

"हासा, हासा सगळे," त्या पंगतीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जेवा बापू. सगळ्या गावानं तुमची सिम सोडली. मी नाई सोडली. शीलाबाई दोनदा घरी आली, मी तिले चहा पाजून धाडलं. घरच्याइनंच सोडली तर जवायानं कोनाकडे पाहावं?"

माझा घास हातातच राहिला.

"टॉवर राहू द्या," त्या पळी गंजात ठेवत म्हणाल्या. "तुमच्या कंपनीले सांगून पाळीले चार पायऱ्या तेवढ्या बांधून द्या."