रोडगा सोलून खात नाहीत

कात्रजच्या आमच्या गृहसंकुलात दर हिवाळ्यात रोडगे महोत्सव भरतो. त्यात आलेले लोक रोडग्याचे वरचे कवच सोलून बाजूला ठेवतात आणि आतला भाग तुपात बुडवून खातात. ही वऱ्हाडची प्राचीन पद्धत असल्याचे मंचावरून सांगण्यात येते. मी अकोल्याकडचा आहे. नोकरीनिमित्त पुण्यात आलो त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. परंतु माझे वडील, माझे आजोबा आणि ज्यांच्याशी आमची बोलचाल नव्हती ते शेजारीसुद्धा रोडगा कवचासकट खात असत. ही पद्धत प्राचीन नाही. ती पहिल्या महोत्सवाच्या संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पत्नीने काढली. त्या संध्याकाळविषयी संकुलात जे जे सांगितले जाते ते मी ऐकून घेतलेले आहे. आता माझे ऐकावे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गव्हाच्या जाडसर पिठाच्या पोळ्या तेल लावून एकीत एक गुंडाळायच्या, त्यांचा गोळा बांधायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचा आणि वरून राख ओढायची. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. गॅसवर जे होते त्याला दुसरे काहीही नाव द्यावे, माझी हरकत नाही.

संकुलातल्या आम्हा वऱ्हाडी कुटुंबांना मैदान मिळाले ते अध्यक्षांच्या कृपेने. अध्यक्ष मूळचे पेठेतले, निवृत्त, आणि शिस्तीचे. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली.

"विस्तवाबद्दल एक जरी तक्रार माझ्यापर्यंत आली, तर पुढल्या वर्षीपासून गोवऱ्या बंद. मग आपण गॅसवर इडल्या करा."

मी शब्द दिला. एवढ्या मोठ्या संकुलात माझ्या गावचा म्हणावा असा तो वर्षातला एकच विस्तव होता. तो राहणार की जाणार हे त्या संध्याकाळवर ठरायचे होते.

आता पहिला आक्षेप. "म्हाताऱ्याने गाणं बंद पाडलं," असे म्हणतात. हिंजवडीत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या चार मुलांचा वाद्यवृंद बोलावला होता. त्यांनी आपला मोठा स्पीकर जमिनीवर, बरोबर माझ्या राखेच्या ढिगाकडे तोंड करून ठेवला. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला राख घसरू लागली. राखेला तोंड पडले की आत वारा शिरतो आणि त्या बाजूचे रोडगे जळतात. म्हणून मी मंचापाशी गेलो. गाणाऱ्या मुलाने गाणे मध्येच थांबवून माइक माझ्यापुढे धरला.

"बोला काका, फर्माईश?"

"स्पीकर फिरवा."

"हे कुठलं गाणं, काका?"

"गाणं नाही. स्पीकर. त्याचं तोंड पार्किंगकडे करा."

लोक हसले. स्पीकर फिरवण्यात आला आणि तेच गाणे, दुर्दैवाने पहिल्यापासून, पुन्हा सुरू झाले. याला बंद पाडणे म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप, मी विस्तव सोडून गेलो. रोडगे राखेत पुरल्यानंतर करायचे काम एकच असते, ते म्हणजे काहीही न करणे. ते काम मी मंचापाशी उभा राहूनही करू शकत होतो, आणि करीत होतो.

परत आलो तेव्हा ढिगातून वाफ निघत होती आणि शेजारी अध्यक्ष रिकामी बादली घेऊन उभे होते.

"आपण निश्चिंत असा," ते म्हणाले. "विझलंच होतं. तरी खबरदारी म्हणून मी पाणी टाकलं."

"आत जेवण आहे."

"कशात?"

"राखेत."

अध्यक्षांनी बादली खाली ठेवली. "राखेत जेवण ठेवतात, याची पूर्वकल्पना द्यायला हवी होती."

पूर्वकल्पना मी दिली होती. परवानगीच्या बैठकीत रोडग्याची संपूर्ण कृती सांगितली होती. त्या वेळी अध्यक्ष धुराची दिशा विचारत होते.

लोक ताटे घेऊन रांगेत उभे राहिले होते. वाजवणारे थांबले होते. माझी पत्नी, जिने सकाळपासून इतर बायकांबरोबर पोळ्या लाटल्या होत्या, स्टूल ओढून ढिगापाशी बसली आणि चिमट्याने एक रोडगा बाहेर काढला. वर राखेचा चिखल. तिने वरचे कवच नखाने सोडवून अलगद उचलले. आत पदर न् पदर मोकळा, पांढरा, वाफाळलेला. पोळीत पोळी गुंडाळलेली असल्याने पाणी पहिल्या पदरापुढे गेलेच नव्हते. रोडगे कच्चे राहिले होते असेही काही जण सांगतात; त्या सर्वांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले होते.

"काकू, हे सोलायचं असतं का?" रांगेतल्या पहिल्या बाईंनी विचारले.

"हो. वरचं काढायचं, आतलं खायचं," पत्नी म्हणाली.

मी तोंड उघडले. तिने वर न पाहता, फक्त मला ऐकू येईल असे विचारले, "तुमाले विस्तव पाह्यजे का खरं पाह्यजे?"

प्रश्न रास्त होता. रांगेसमोर खरे सांगितले असते तर अध्यक्षांची शोभा झाली असती, आणि शोभा झालेला अध्यक्ष दुसऱ्या दिवशी इडल्यांवर आला असता. मी तोंड मिटले. एकदा पद्धत म्हटल्यावर कोरड्या बाजूचे उत्तम खरपूस रोडगेही सोलावे लागले. तेही मी पाहिले.

तक्रार आली नाही. पुढल्या हिवाळ्यात अध्यक्षांनी स्वतः माइक घेऊन पाहुण्यांना सोलण्याचे प्रात्यक्षिक दिले. मी माझा रोडगा कवचासकट मोडला तेव्हा ते माझ्या ताटाशी वाकून म्हणाले, "अहो, वरचं काढतात." मी त्यांचे आभार मानले. असे काही हिवाळे गेले.

गेल्या वर्षी अध्यक्ष मुलीकडे राहायला परगावी गेले. नव्या अध्यक्षीणबाईंनी गोवऱ्यांची परवानगी कोणतीही अट न घालता दिली. शब्दातून मी मोकळा झालो होतो. दोन गाण्यांच्या मध्ये मंचावर गेलो, माइक मागून घेतला आणि बादलीसह सर्व हकिकत सांगितली. मग पुढच्या रांगेतला एक तरुण उठला.

"पण काका, आमच्या घरी तर सोलूनच खातात. बाबा अकोल्याचेच आहेत."

"तू कुठला?"

"मी इथलाच. बी विंग."

"चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत," मागून एक बाई हळहळून म्हणाल्या. "विसरायला होतं हो माणसाला." त्यानंतर टाळ्या वाजल्या, त्या मी मंचावरून उतरलो म्हणून.

मी ढिगापाशी येऊन बसलो. विस्तव चांगला होता. पत्नीने लोकांनी सोललेली कवचे एका परातीत जमवली होती. खरपूस, धुराच्या वासाची, वर तुपाची धार.

"सांगून टाकलं ना? खा मंग आता," ती म्हणाली. "त्यायनं ऐकलं असतं तं हे उरलं नसतं."

मी परात संपवली. माझे म्हणणे कायम आहे.