ईटच्या विहिरीवरचा फोटो

मी तेव्हा वसईत शिक्षिका होते आणि आमच्या छोट्या कॅथलिक मासिकासाठी हौसेनं लिहायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात संपादक फादर म्हणाले, "सुट्टीच आहे ना? मग भूमजवळच्या ईट गावाला जाऊन ये. वाचकांच्या मदतीतून तिथं विहीर खणताहेत. फोटो मात्र असा आण की बघणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये."

भावाचा कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी गाडी होती. आता तिथं मोठी गाडी धावते, पण तेव्हाची इतकी निवांत होती, की खिडकीतून बाभळी मोजता याव्यात! पुढं एसटीनं भूम. स्टँडवर गरम भजी खाल्ली नि पाणी मागितलं. हॉटेलवाला हसला, "च्या लागंल तेवढा घ्या बाई. पाणी अर्धाच गिलास." तुम्ही उन्हाळ्यात गेलात, तर पाण्याची बाटली घरूनच न्या.

ईटला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बौद्धवाड्यात विहिरीचं काम जोरात चाललं होतं. सुंदराबाई नावाची पस्तिशीची बाई वर आलेला मुरूम टोपल्यानं वाहत होती. चेहरा रापलेला, पदर फाटका. मला हवा तसा फोटो! तिथंच पडलेली एक रिकामी थाळी तिच्या हातात देत मी म्हटलं, "जरा ही पुढं धरता?"

तिनं थाळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कशापायी? आत्ताच कामावर मिळालेली सुकडी खाल्ली की."

"म्हणजे... वाचणाऱ्यांना कळावं म्हणून."

"काय कळावं? आमी मागत बसलोय?" तिनं थाळी माझ्याच हातात दिली. "ही हीर आमी खणली. फोटू काढायचा तर हितं काढा."

ऊन उतरलं होतं, तरी माझे कान तापले. ती तोंड पुसून काठावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मी बटण दाबलं.

वसईत फादरांनी फोटो पाहून कपाळाला हात लावला. "अगं, ही तर पाटलीण वाटते! मदत कोण देणार?"

"फादर, थाळी मी तिच्या हातात दिली होती, तिनं ती परत केली. खोटं छापायचं का?"

त्यांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. मग फोटो मुखपृष्ठावर गेला, खाली तिचं नाव.

त्या महिन्यात मदत खरंच कमी आली. मला रात्री नीट झोप लागेना. मग एके दिवशी वसईजवळच्या गास गावच्या एका केळीबागवाल्याचं पोस्टकार्ड आलं. मदतीबद्दल, दयेबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. लिहिलं होतं, "सुंदराबाईंना विचारा, किती हातांवर खडक लागला? आमच्या विहिरीलाही पंधरा हातांवर लागला होता. तो कसा फोडला ते सांगायला मी स्वतः येतो."