भिंतीकडे तोंड करून

सबुमचा पट्टा दर वर्गात चार-पाच वेळा तरी सैल होत असे. तायक्वांदोत असा रिवाज आहे की गणवेश किंवा कमरेचा पट्टा सारखा करायचा असेल, तर समोरच्यांकडे पाठ करावी आणि भिंतीकडे तोंड करून तो सारखा करावा. आम्ही शिकणारे तासाभरात एखाद्या वेळी वळत असू. सबुम मात्र भिंतीशी काही बोलणे राहून गेल्यासारखे पुनःपुन्हा वळत, काळ्या पट्ट्याची गाठ सोडत, सावकाश पुन्हा बांधत आणि मगच आमच्याकडे फिरत. 'सबुम' हा कोरियन शब्द; अर्थ शिक्षक. माणूस मात्र अस्सल डब्लिनचा, उभे आयुष्य शहरात बस चालवून निवृत्त झालेला. "बाबा, त्यांना कुणीतरी वेल्क्रो लावून द्या ना," असे माझी मुलगी सई परतताना गाडीत म्हणायची, तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत. मी हसायचो. त्या हसण्याची मला आज थोडी लाज वाटते.

डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टमध्ये आमच्या वसाहतीमागे एक सामाजिक सभागृह आहे. सई नऊ वर्षांची असताना तिला मी तिथे घेऊन जाऊ लागलो आणि बाकावर लॅपटॉप उघडून बसू लागलो. सॉफ्टवेअर तपासणे हे माझे काम. दुसऱ्यांच्या कामातील चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. तिसऱ्या आठवड्यात सबुम माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "नाहीतरी बसलाच आहेस. बूट काढ." मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. घरी पत्नीने, अनघाने, विचारले, "अरे, सोफ्यावरून उठताना 'आई गं' म्हणतोस, आणि आता लाथा मारणार?" पहिले काही महिने माझा पाय कमरेच्या वर गेला नाही. सबुम म्हणत, "उंचीची घाई नको. समोरचा बुटका असू शकतो."

त्याच वर्षी सांगलीला माझे वडील गेले. मी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर मी ऑफिसात आणि घरात जेवढ्यास तेवढे बोलू लागलो. सबुमना हे कुणी सांगितले, मला ठाऊक नाही. त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. फक्त महिनाभर मला पहिल्या रांगेत उभे केले आणि प्रत्येक लाथेचा आकडा मोठ्याने मोजण्याचे काम दिले. आठवड्यातून दोन दिवस मला तोंड उघडावेच लागे. त्या मोजणीने मला माणसांत परत आणले, हे मला फार उशिरा समजले.

वर्ग संपताना पाच मिनिटे सगळ्यांनी जमिनीवर बसायचे आणि सबुम इतिहास सांगायचे. ही विद्या दोन हजार वर्षांची. जुन्या कोरियन राज्यातील तरुण योद्धे ती शिकत. राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर लढणाऱ्यांची चित्रे आहेत. त्यांच्या गुरूंनी त्यांना हे असेच सांगितले होते. हे गुरू कोरियाहून डब्लिनला आलेले, एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात राबणारे आणि वरच्या खोलीत चार मुलांना शिकवणारे. सबुम त्यांना मायेने 'म्हातारा' म्हणत. "म्हातारा हे सांगायला लागला की सांगता सांगता त्याचे डोळे भरायचे," असे म्हणून ते बहुतेक वेळा भिंतीकडे वळून पट्टा बांधत.

काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत लाथाबुक्क्यांबरोबर तोंडी प्रश्नही असतात आणि हा इतिहास पाठ म्हणावा लागतो. पाच-सहा वर्षांनी सईने आणि मी ती परीक्षा एकाच दिवशी द्यायचे ठरवले. तयारीसाठी मी वाचू लागलो, आणि सवयीप्रमाणे चूक सापडली. अनेक अभ्यासकांच्या मते आजच्या तायक्वांदोचा सांगाडा जपानी कराटेचा आहे. जपानच्या सत्तेखाली असताना जी कोरियन मुले तिकडे शिकायला गेली, त्यांनी तो आणला, स्वातंत्र्यानंतर शाळा काढल्या आणि पुढे नवे नाव दिले. दोन हजार वर्षांची कथा मागाहून जोडली गेली, असे ते म्हणतात. मी टिपणे काढली. सबुमना त्यातले काहीही दाखवले नाही. का नाही, हे मी स्वतःला त्या वेळी विचारले नाही.

परीक्षेला संघटनेचे परीक्षक आले होते. सभागृह पालकांनी भरलेले होते. "या विद्येचा उगम सांगा," असे परीक्षकांनी मला विचारले. मी म्हणालो, "इथे शिकवतात ते की खरे ते?" आणि मग ऑफिसातील बैठकीत बोलावे तसा मुद्देसूद बोललो. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. मला ते हसणे आवडले.

परीक्षकांनी सबुमकडे पाहिले. "तुमच्याकडे हे शिकवतात?"

सबुम भिंतीकडे वळले. गाठ सोडली, पट्ट्याची दोन्ही टोके समान केली, पुन्हा बांधली. फिरले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. "नाही. शिकवायला हवे होते. त्याचे बरेचसे खरे आहे आणि मला ते पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. चूक माझी आहे, त्याचे गुण कापू नका."

मी उत्तीर्ण झालो. सईसुद्धा. संघटनेने मात्र नेमलेला इतिहास शिक्षकानेच सर्वांसमोर खोटा ठरवला म्हणून सबुमचा स्वतःच्या सभागृहात परीक्षा घेण्याचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. मुलांना पट्ट्यासाठी दूर जावे लागू लागले. बरीच घरे तिकडच्याच वर्गाला गेली. सबुमच्या वर्गात मागची रांग उरली नाही, मग मधलीही गेली. सई घरी माझ्याशी मोजकेच बोले. एकदा म्हणाली, "बाबा, यू वर राइट. सो व्हॉट?"

मी तीन आठवडे गेलो नाही. नवा पट्टा तसाच पिशवीत होता. चौथ्या आठवड्यात वर्गाच्या तासभर आधी पोहोचलो, तर सबुम एकटेच फरशी पुसत होते. क्षमा मागायची वाक्ये मी गाडीत जुळवून आणली होती. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली नाहीत.

"एक दिवस आधी सांगितले असतेस, तर मी चहा केला असता," ते म्हणाले. "एवढे वाचलेस, ते कळावे म्हणून, की मला पकडायला?"

"पकडायला," मी म्हणालो. त्या सभागृहात मी इतके खरे पूर्वी काही बोललो नव्हतो.

त्यांनी कोपऱ्यातले कपाट उघडले. त्याला ते इथल्या रीतीने 'प्रेस' म्हणत. आतून एक जुने छायाचित्र काढले. कराटेच्या वेशातला विशीचा एक मुलगा, मागे जपानी लिपीत लिहिलेले नाव. "हा म्हातारा. हे त्याचे त्या वेळचे नाव. शाळेत स्वतःच्या भाषेत बोलायची बंदी, नावही सरकारने बदललेले. मोठेपणी त्याला वाटले, निदान लाथ तरी आपली असावी. माझ्या आजीच्या आईने आपली आयरिश भाषा बोलल्याबद्दल शाळेत मार खाल्ला होता. मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार, की म्हाताऱ्या, लाथसुद्धा तुझी नाही?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि तू सांगितलेस तितके ते सोपेही नाही. पायांनी खेळायचा एक जुना खेळ तिकडे होता, तो पाहिलेली माणसे होती. त्यातले आपल्यात किती उतरले, यावर शहाणी माणसे अजून भांडतात. तू तर निकाल देऊन मोकळा झालास."

मी खाली पाहत होतो. त्यांनी विचारले, "तुमच्या घरात काय सांगतात? प्रत्येक घरात काहीतरी सांगतातच."

माझे पणजोबा संस्थानचे नावाजलेले मल्ल होते, त्यांनी एका हाताने उधळलेला बैल धरला होता, असे वडील सांगत. सांगताना त्यांचाही आवाज बदलत असे.

"तपासलेस?"

"नाही."

सबुम मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना मी प्रथमच पाहिले. "ग्रँड. मग आज तपासू नकोस. आज तो कोपरा पूस."

मी तो कोपरा पुसला. त्या दिवसापासून वर्षभर वर्गाआधी फरशी पुसण्याचे काम माझे झाले. मुले हळूहळू परत आली, सगळी नाही. अधिकारही परत मिळाला. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि क्षमा केल्याचे त्यांनी कधी शब्दांत सांगितले नाही. फक्त पुढे काही वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला आणि त्यांच्या मुलीजवळ वॉटरफोर्डला राहायला जायचे ठरले, तेव्हा प्रेसची किल्ली माझ्या हातात दिली. "लाथा शिकवायला सई आहे, ती तुझ्यापेक्षा बरी आहे. इतिहास तू सांग. आधी म्हाताऱ्याचा सांग, काटछाट न करता. मग पुस्तकातला. आणि दोन्हींच्या मध्ये जरा थांबत जा."

मी तसेच करतो. गेल्या महिन्यात दोन्ही इतिहास सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "मग तुमचे सबुम खोटे सांगत होते का?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. बाजूला उभी असलेली सईसुद्धा. माझ्याकडे उत्तर तयार होते, मुद्देसूद होते. मी ते तिथेच ठेवले आणि भिंतीकडे वळलो. गाठ सोडली, टोके समान केली, पुन्हा बांधली. फिरलो तेव्हा म्हणालो, "त्यांच्या गुरूंकडून बरेच काही हिरावले गेले होते. ही गोष्ट त्यांनी माझ्या सबुमना सांभाळायला दिली. सबुमनी ती सांभाळली, आणि खरे सांगायची वेळ आली तेव्हा खरेही सांगितले. त्या दिवशी मी तिथे होतो."

रविवारी मी वॉटरफोर्डला फोन केला आणि हे सारे त्यांना सांगितले.

"पट्टा सैल झाला होता का?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"माझाही कधी झाला नव्हता," सबुम म्हणाले.