वरातीच्या मापाची कवळी

कवळी बनवणं सोपं, बसवणं अवघड! ती नीट बसेपर्यंत पेशंट दहा चकरा मारतो आणि चकरेगणिक किस्सा ठेवून जातो. नव्वदच्या दशकात सुरतला डिंडोलीत माझा दवाखाना होता. पेशंट बहुतेक खानदेशचे, कापडाच्या लूमवर आयुष्य काढलेले. दात त्यांचे पडले, किस्से माझ्याकडे साठले!

शांताबाईंना कवळी रुतत होती. कुठे रुतते ते कळावं म्हणून मी आतून पांढरी पेस्ट लावून ती तोंडात बसवली. जिथली पेस्ट पुसली जाईल, तिथे घासायचं. पण बाई तडक बाहेर गेल्या आणि सुनेला मोठ्यांदा म्हणाल्या, "डॉक्टरनी चुना लावला गं मला!"

बाकावरचे तीन पेशंट चपला घालून निघून गेले.

नामदेवआप्पांचे वरचे-खालचे दात जुळत नव्हते. मी निळा कार्बन दातांत धरून चावायला लावलं. निळे ठिपके पडले, तेवढे घासले. आप्पा उठता उठता म्हणाले, "कार्बन कॉपी तुम्ही ठेवा. ओरिजिनल मला द्या!"

'स' नीट उमटतो का, हे बघायला मी पेशंटला 'सासू' म्हणायला लावायचो. एका मास्तरांनी खणखणीत आवाजात दहा वेळा म्हटलं. दार उघडून एक म्हातारी आत डोकावली. "काय जावईबापू, बोलावलंत?"

पण खरा घाम फोडला बमरोलीच्या रतनभाऊंनी. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. फुंकर मारली की कवळी सुटायची. लग्नसराई तोंडावर, मालक म्हणाला, "नीट वाजव, नाहीतर घरी बस." भाऊ रडकुंडीला आले. "डाक्टर, पडी जास हो!"

मी म्हटलं, "क्लॅरिनेट घेऊन या. वाजवतानाच माप घेऊ."

कवळीत मापाचा मसाला भरला, तोंडात बसवली. "आता घट्ट होईपर्यंत थांबायचं नाही!" भाऊंनी वरातीची चाल धरली. बाहेर दोन पेशंट सुजलेल्या गालांनी नाचले! त्या मापावर कवळीला नवं अस्तर दिलं. अशी बसली, की काढताना भाऊंना दोन्ही हात लावावे लागले.

सीझन संपला आणि भाऊ पुन्हा हजर. चेहरा पडलेला.

"वरातीत हलत नाही डाक्टर. पण आरती वाजवली की सुटते!"

मी पुन्हा मसाला कालवला. भाऊंनी आरती सुरू केली.

बाहेर सगळे पेशंट हात जोडून उभे!