विशेष प्रावीण्यप्राप्त हापूस

श्री. गुरुदास आबाजी वायंगणकर. वय एकसष्ट. राहणार टेंबवाडी, तालुका मालवण. व्यवसाय: निवृत्त. त्याआधीचा व्यवसाय: हायस्कुलात कनिष्ठ लिपिक. बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशाला दोन पेनं, पैकी एक लिहितं. सध्याचं पद: टेंबवाडी आंबा बागायतदार गटाचे फळ-दृढता तपासनीस (मानद). अधिकारक्षेत्र: सभासदांची सर्व हापूस कलमं. अधिकार: फळ तोडण्यायोग्य आहे किंवा नाही, याचा अंतिम निर्णय. निर्णयावर अपील नाही.

अपिलाबद्दलचं शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः सुचवलं होतं. तोपर्यंतच्या आयुष्यात त्यांच्या निर्णयावर अपील करावं असा निर्णयच त्यांच्याकडून कधी झाला नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

हे पद निर्माण होण्याचं कारण आमची वाडीच. हापूस झाडावर पिकू देत नाहीत; चौदा आणे तयार झाला की तोडतात आणि उरलेले दोन आणे तो गवतात घालून पिकतो. पण चौदा आणे म्हणजे नेमकं किती, हे आमच्याकडे झाडावर ठरत नाही, बाजारात ठरतं. भाव चढा असला की दहा आण्यांचं फळही चौदाचं दिसू लागतं. परदेशी आंबा धाडणाऱ्या एका कंपनीला गेल्या वर्षी आम्ही असलाच माल दिला. तो तिकडे पोचला, सुरकुतला, पण पिकला नाही. म्हणून या वर्षी कंपनीने अट घातली: फळाचा कडकपणा मोजायचं यंत्र देतो, मोजून तोडा. पहिली गाडी कुडाळच्या पॅकिंग शेडवर पास झाली तर अख्ख्या हंगामाचा माल उचलू. नाही झाली तर पुढच्या गावाला जाऊ.

यंत्र आणावं की नाही, यासाठी देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. तपासनीस कोण, यावर मात्र कौल लावावा लागला नाही. तपासनीस असा हवा होता, जो कोणाला नाही म्हणणार नाही; आणि गुरुदासनानांनी आजवर कोणालाच नाही म्हटलेलं नव्हतं.

कंपनीची प्राजक्ता नावाची मुलगी देवळाच्या मंडपात शिकवायला आली. शेतकी पदवीधर, बोलणं स्वच्छ. यंत्र म्हणजे मुठीत मावणारी तबकडी, तिला पुढे बोटाएवढा दांडा. फळाची रुपयाएवढी साल काढायची, दांडा गरात दाबायचा, काटा कुठे जातो ते बघायचं.

"काका, काटा या दोन खुणांच्या मध्ये हवा," ती म्हणाली. "खालच्या खुणेच्या खाली राहिला तर फळ मऊ पडलंय, प्रवासात टिकणार नाही. वरच्या खुणेच्या वर गेला तर कोवळं आहे. ते झाडावरच ठेवायचं."

नानांनी मान हलवली. शाळेच्या ऑफिसातही ते साहेबांपुढे अशीच मान हलवत. त्याने बोलणं लवकर संपतं.

पण आयुष्यभर ज्या माणसाने निकालपत्रकं उतरवून काढली, त्याला दोन आकडे दिले की खालचा आकडा कशाचा आणि वरचा कशाचा, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. खालची खूण म्हणजे पास. वरची खूण म्हणजे विशेष प्रावीण्य. तिच्याही वर कोणी गेलं तर शाळेचं नाव निघतं. हे प्राजक्ताने सांगितलं नव्हतं. नानांना ते सांगायची गरजच नव्हती.

पहिली तपासणी त्यांच्या चुलतभावजय सुगंधावयनींच्या बागेत झाली. नानांनी चाकूने साल काढली, फळ खळ्यातल्या बाकावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. काटा वरची खूण ओलांडून पार टोकाला गेला.

"वयनी, डिस्टिंक्शन!"

"म्हणजे काय ओ, भावजीनू?"

"म्हणजे आंबो पयल्या नंबरान पास."

"अगो बाय! माझ्या झीलाक शाळेत जल्मात गावला नाय ता आंब्याक गावला," सुगंधावयनी म्हणाल्या आणि त्यांनी लगेच चहा टाकला.

संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं की फळ जितकं कोवळं, तितकं यंत्र खूश. यातला घोटाळा कोणाच्याच लक्षात आला नाही, असं म्हणणं वाडीच्या बुद्धीचा अपमान होईल. इथल्या पोराटोरालाही कोवळा आंबा दगडासारखा असतो हे ठाऊक आहे. पण लवकर तोडायचं तर सगळ्यांनाच होतं, आणि आता तोडा म्हणून यंत्र सांगत होतं, तेही कंपनीचं. देवीचा होकार होता तो वेगळाच. अर्थात देवीला विचारलं होतं ते यंत्र आणावं का, एवढंच. काटा कुठल्या बाजूने वाचायचा हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिची पद्धत नाही.

अडचण आली ती गटातल्याच महादूच्या बागेत. महादूचा आंबा खरोखरच चौदा आणे तयार होता. यात त्याचं शहाणपण काही नव्हतं. त्याचा आंबे उतरवायचा झेला मोडला होता, आणि दुरुस्तीला टाकतो म्हणत तो रोज बांद्याला मेव्हण्याकडे पत्ते खेळायला जात होता. तेवढ्या काळात आंबा आपला आपण तयार झाला. काटा दोन खुणांच्या बरोबर मध्ये थांबला.

नानांनी तबकडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि सहानुभूतीने मान हलवली.

"सेकंड क्लास."

"कोण?" महादूने विचारलं.

"तुझो आंबो."

"माझो आंबो सेकंड क्लास? माझ्या आजयेन लावलेला कलम ता! नाना, तुमी मॅट्रिकेक कितके येळा बसलास, ता सांगू मी हय सगळ्यांक?"

"विषय आंब्याचो चललो हा," नाना शांतपणे म्हणाले. "गाडयेत जागा कमी आसा. पयल्यान डिस्टिंक्शनवाले जातले. निर्णयावर अपील नाय."

हे वाक्य प्रत्यक्ष वापरायला मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिवसभर होता.

गाडी भरली. सुगंधावयनींच्या पेट्या सर्वांत पुढे होत्या. नाना ड्रायव्हरशेजारी यंत्र मांडीवर घेऊन बसले. कुडाळच्या शेडमध्ये प्राजक्ताने एक फळ उचललं, साल काढली, दाबलं. दुसरी पेटी उघडली, दाबलं. मग तिसरी. ती पेट्या उघडतच राहिली, तेव्हा नानांना वाटलं की पोरगी भारावली.

"काका, हे कुठलं?"

ऑफिसासारखी जागा दिसली की नानांची भाषा आपोआप पुस्तकी होते. "मॅडम, हे आमचं प्रथम क्रमांकाचं झाड."

"काटा बघितलात का? वरच्या खुणेच्या वर जातोय."

"होय. सर्वच."

"मग हे चालणार नाही ना!"

"कमी कुठे पडलं, मॅडम?"

"कमी नाही हो, जास्त आहे."

नाना नम्रपणे म्हणाले, "जास्त मिळाल्याबद्दल कोणाला परत पाठवलं, असं माझ्या अख्ख्या नोकरीत घडलेलं नाही."

प्राजक्ताने त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या महिन्यात मंडपात हललेली ती मान तिला बहुतेक आठवली असावी. तिने गाडीवाल्याला बोलावून गाडी वळवायला सांगितली.

टेंबवाडीत त्या आठवड्यात घराघरांत लोणचं, मुरंबा आणि मेथांबा झाला. महादू दारोदार फिरून सांगत होता, "सेकंड क्लासच खरो!" पण गाडी परत आल्यावर तो झेला दुरुस्त करून झाडाखाली गेला, तोवर अर्धी फळं खाली पडली होती, आणि जी होती त्यांत कापल्यावर साका निघाला: बाहेरून केशरी, आत पांढरट स्पंज. नानांनी त्यातही दांडा खुपसून पाहिला. काटा खालच्या खुणेपर्यंतही गेला नाही. या एका निकालावर नाना, यंत्र आणि महादू तिघांचं एकमत झालं.

कंपनी पुढच्या गावाला गेली. गटाची सभा भरली. चूक नानांची म्हणावी तर त्यांना नेमणारे आपण, आणि आपली म्हणावी तर सभा कशाला भरवायची? तेव्हा सदर यंत्र परमुलखातील फळांसाठी बनवलेलं असून त्यास हापूसचा स्वभाव अवगत नाही, असा ठराव झाला. सुगंधावयनींनी सूचना मांडली, अनुमोदन महादूने दिलं. तपासनीसांनी दाखवलेल्या सचोटीबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले आणि श्री. वायंगणकर यांच्या पदास पुढील हंगामअखेरपर्यंत मुदतवाढ देण्यात आली.

झाडावर उरलेला आंबा नेहमीच्या दलालाने नेला. त्याने एकही फळ हातात घेऊन बघितलं नाही.