झूमबाई आणि कर्नाळ्याचा सुळका

ड्रॉइंगच्या बाईंना माझ्या मुलीच्या पनवेलच्या शाळेतली मुलं पाठीमागे 'झूमबाई' म्हणत. प्रोजेक्टरवर परदेशातल्या संग्रहालयातलं एखादं चित्र लावलं की त्यांचं सुरू व्हायचं, "झूम कर. अजून कर." रंगाचा एकच फटकारा भिंतभर पसरायचा. मग त्याचे नुसते चौकोनी ठिपके व्हायचे आणि मुलं ओरडायची, "बाई, चित्र फुटलं!" बाई शांतपणे प्रोजेक्टर बंद करायच्या. "आता खिडकीतला कडुनिंब बघा. तो फुटत नाही."

पालकसभेत एकाने टोमणा मारला, "बाई, मोबाइल सुटावा म्हणून पोरांना शाळेत पाठवतो, तर तुम्ही इंटरनेटच दाखवता!"

"सुरी दाखवते हो," बाई हसल्या. "भाजी चिरायला, बोट कापायला नव्हे."

सगळे हसले. मी मान खाली घातली. सातवीतल्या माझ्या सईला, वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारं ॲप मीच हौसेने दाखवलं होतं. तेव्हापासून तिने रंगपेटी उघडली नव्हती. "बाबा, ते एका सेकंदात काढतं. मग मी कशाला काढू?" पोरीची आवड आपल्याच हातून गेली, ही टोचणी घेऊन मी सभेनंतर तिच्यासह बाईंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

आधी ॲप काढून टाका, असं त्या म्हणतील, असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "सई, त्याला कर्नाळा किल्ला काढायला सांग बघू."

माझ्या फोनवर घुमटांचा राजवाडा उभा राहिला. सई फिसकन हसली. "हा कर्नाळा? सुळका कुठंय?"

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

तिने लिहिलं. सुळका आला, पण मनोऱ्यासारखा, वर झेंडा लावलेला. "असा नाही हो बाई! करंजाड्यात आमच्या गच्चीवरून रोज दिसतो. अंगठ्यासारखा आहे, पण म्हणजे..." सई अडली.

बाईंनी खडू पुढे केला. "शब्द पुरत नसतील तर काढून दाखव."

सईने काढला, खोडला, पुन्हा काढला. घरी जायचं भान तिला नव्हतं, आणि मला तिला हाक मारायचा धीर होत नव्हता.

ते ॲप अजून आहे. सई आधी त्याच्या चुका काढते, मग कागद घेते. माझी टोचणी पूर्ण गेलेली नाही. पण घरात पुन्हा रंगांचे डाग पडतात.

बाई यंदा निवृत्त झाल्या. निरोपाला सईने गच्चीतून बघून रंगवलेला कर्नाळा त्यांना दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद अगदी नाकाशी नेला आणि बराच वेळ सुळका न्याहाळला.

"नाही गं फुटत," त्या म्हणाल्या.