एकसारख्या दारांची कॉलनी

चाळीतल्या समद्या जणींनो, हे पत्र एकत्र बसून वाचा. आज दुपारी माजी सुमी हरवली हुती.

गावाबाहेरच्या ह्या नव्या कॉलनीत समदी घरं एकसारखी, दारं बंद. चाळीत सुमी कुणाच्याबी घरात जेवायला शिरायची, तशीच हितंबी शिरली. मी रडत दारं वाजवली. बायका खिडकीतनंच म्हणायच्या, "न्हाय बघितली."

शेवटच्या घरात ती भाकरी खात बसली हुती.

तितल्या काकू म्हणाल्या, "दुसरी भाकरी हाय हिची! पर कुणाची पोर, कुणाला इचारू? मी हितं कुणालाच वळखत न्हाय की."

मी तरी कुणाला वळखते?

आता तिला घरी आणून आतनं कडी लावलीया. सुमी भाईर जायाला दारापाशी रडतीया. कडी काढू का गं?